काकडीची जात

सरळगावच्या शाळेत भाजीपाल्याचं प्रदर्शन.
छातीला 'स्वयंसेवक' असा बिल्ला,
टेबल क्रमांक चार: वजन करायचं, चिठ्ठी लिहायची.
नाव, पाडा, जात.

बुधीबाई मेंगाळनं काकडी ठेवली,
हातभर, पोटाशी पिवळी पडलेली.
मी विचारलं, जात?
ती थबकली.
'माझी का काकडीची?'

रांगेतला बाळाराम हरड हसला,
मग हसायचा थांबला.
'काकडीची,' मी म्हणाले,
आणि मार्करचं टोपण उगाच लावलं, काढलं.
'गावठी. लिही.'

बक्षीस सुरणाला गेलं.
तेवीस किलो भरला.
तेवढीच माझी बॅग, परवाच्या विमानात.

संध्याकाळी सतरंज्या झाडताना ती परत आली,
कागदात बिया, राखेत घोळलेल्या.
'तिकडं लाव. मांडव लागतो मात्र.'
बिया नेता येत नाहीत, हे सांगायला
माझ्याकडे अख्खं मिनिट होतं.

रात्री बॅगेची चिठ्ठी लिहिली, त्याच मार्करनं.
नाव.
पत्ता, जो अजून तोंडात बसत नाही.
पुडी मिसळणाच्या डब्यात, हळदीशेजारी.
आई विचारते, कसल्या गं?
मी सांगते,
गावठी.