इतर

काका, गाडीत काय काय पाहिजे तुम्हाला?
पोरगं चांगलं होतं. टाय लावलेलं, मुरूडचं.
हातात टॅब, टॅबात चौकोन,
चौकोनात टिक करायची.

मी म्हणलं, लिही.

जमिनीपासून वीतभर वर पाहिजे.
माझी वीत. तुझी नाही.
सप्टेंबरात तिरूच्या नळकांडी पुलावर
पाणी दिसतं किती अन् असतं किती
हे म्हशीला कळतं, आपल्याला नाही.
तिथं थांबायचं असतं. तीन तास, कधी चार.
म्हणून खिडक्या मोठ्या.
लेकरं पाणी बघत शेंगा खातात,
टरफलं खालीच टाकतात.
म्हणून खाली गालिचा नको, रबर.
बादलीभर पाणी ओतलं की
मागच्या दारातून सगळं निघून जावं.

मेहुणा आला होता पुण्याहून, जावळाला.
खाली बसलेली, चकचकीत, हरणासारखी गाडी.
मोरीच्या तोंडाशी काळ्या मातीनं तिचं पोट धरलं,
अन् ती माती एकदा धरली की
सोयऱ्यासारखी, जेवल्याबिगर सोडत नाही.
बहीण चपला हातात घेऊन पायी आली घरी.
मेहुणा आमच्या जुनीला दोर बांधताना म्हणाला,
हिची काही शोभा नाही बघा, मन्मथअप्पा.
मी म्हणलं, गाठ पक्की मारा.

सीट काळं नको.
मे महिन्यात उदगीरच्या स्टँडासमोर दोन तास उभी केली
तर रत्नकला आधी ओला टॉवेल टाकते,
अन् टॉवेल वाळेस्तोवर कुणाशीच बोलत नाही.

पत्रा जाड.
गारा पडल्या त्या साली जुनीच्या टपावर बावन्न खड्डे.
धाकट्यानं खडूनं गोल करून मोजले,
मग त्याच्या मित्रांनी, मग चौपन्न निघाले.
आत आम्ही अकराजण होतो, एक शेळी सोडून.
कुणाला खरचटलं नाही.

अन् हो, मिरची.
गिरणी आहे माझी, कांडपाची.
पोती कधीमधी गाडीतच येतात,
मग आठ दिवस घरदार शिंकतं.
त्यावर तुझ्या कंपनीकडं काही आहे का?

नाही म्हणाला. हसला.
सनरूफ आहे, काका.
वर भोक?
ऊन काय कमी पडतंय आमच्याकडं
की आत बोलवून घ्यावं?

मग मी मागं गेलो.
दार उघडलं, सीटा पाडल्या,
चपला काढून आत आडवा झालो.
पाय दाराला टेकले. थोडेच, पण टेकले.
पोरगं म्हणालं, कॅम्पिंगला जाता का काका?
हाव, म्हणलं.

वैजनाथ माझ्यापेक्षा चार बोटं उंच.
नांदेडला रात्री डॉक्टरनं सांगितलं
तेव्हा दवाखान्याची गाडी सकाळी मिळणार होती.
घरी गेल्यावर त्याला बसवायचंच होतं,
आमच्यात रीत तशी,
मांडी घालून, ताठ, भिंतीला टेकून.
पण कंधारपासून पुढं धुकं,
आपलंच बोनेट दिसेना असं धुकं,
अन् तेवढा रस्ता तो आडवा होता,
पाय पूर्ण लांब करून,
लहानपणी माळवदावर झोपायचा तसा.
जुनीनं एकही खड्डा त्याला लागू दिला नाही.
का मीच फार हळू चालवत होतो,
आठवत नाही.

चार बोटं कमी पडतात, मी म्हणलं.

पोरानं टॅबवर वरून खाली बोट फिरवलं,
परत खालून वर.
असा चौकोन नाही काका, म्हणाला,
'इतर'मध्ये लिहितो.
लिहिलं त्यानं काहीतरी.
मी विचारलं नाही.

नंतर मडफ्लॅपचे पैसे वेगळे लागतील म्हणाला,
तेव्हा मात्र
मी अर्धा तास भांडलो.