चौदा नंबरची सुट्टी

मंगळवारी सुट्टी लिहिली.
रविवार उजाडला तरी चौदा नंबरच्या खाटेखाली
चूल नव्हती एवढंच,
बाकी सगळा संसार होता:
पितळी तांब्या, भाकरीचं फडकं,
रंकाळा स्टँडवरनं घेतलेली प्लास्टिकची चटई,
आणि खिडकीच्या गजांना वाळत घातलेलं लुगडं.
त्याच्या आडून पंचगंगेकडचा उजेड
वॉर्डात हिरवा यायचा.

राऊंडला सर मलाच विचारायचे,
"बागवान सिस्टर, हे अजून इथेच?"
जणू हिंदुराव पडवळांना
मीच धरून ठेवलंय.

कागद म्हणत होता, प्रकृती स्थिर.
उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, नाकात नळी,
पण स्थिर.
मांडुकलीच्या वरच्या अंगाचा डोंगरही स्थिरच असतो,
त्याला कुणी घरी न्या म्हणत नाही.

मुलगा इचलकरंजीला मागावर, खाडा करून आला,
कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन.
चिठ्ठीत वॉर्डाचं नाव चुकलेलं.
मग वॉचमन आला, मग समाजसेवा विभागातल्या बाई,
मग आवाज चढले, मग चहा.
आनुबाई सगळ्यांना एकच सांगायची,
"जातो की. मी कुठं न्हाय म्हणतो?
खरं आज नगं."

मी चिडले. खोटं कशाला बोलू.
व्हरांड्यात जमिनीवर हातकणंगल्याची पोरगी, डेंग्यूची,
सलाईन खिळ्याला टांगलेलं,
दिवसभर मी तिच्या पायांवरनं ये-जा करत होते.
"मावशी, खाट काय नावावर करून घेतलीय का?"
असं म्हणाले मी.
सगळ्या वॉर्डासमोर.

त्या रात्री डबल ड्यूटी होती.
ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.
"सिस्टर, एक सांगा.
रात्री दोनला ह्यांच्या घशात घुरघुर झाली
तर हितं मी हाळी दिली की तुम्ही येता.
चपला वाजवत, कुरकुरत, खरं येता.
आमच्यात हाळी दिली तर कोण येतंय?
शेजारच्या दाराला कुलूप, पोरगं मागावर,
माघारी नुसतं कारवीचं रान.
घसा साफ करायचा पंप शिकवलासा, शिकलो.
नळीतनं पेज घालायची शिकवलासा, शिकलो.
खरं हाळी ऐकायला
कुणाला शिकवू मी?"

मी रजिस्टरमध्ये ताप लिहिला.
कुणाचा, ते आता आठवत नाही.

पहाटे बघते तर
पडवळ डाव्या हातानं कठडा धरून
स्वतःला भिंतीकडं ओढत होते.
इंच इंच. घामानं उशी भिजलेली.
मला वाटलं झटका आला, मी धावले.
आनुबाई म्हणाली, "थांबा."
उघड्या दारातून जमिनीवरची पोरगी दिसत होती,
आणि हा माणूस अर्धी खाट रिकामी करत होता,
गगनबावड्याच्या एसटीत
सरकून जागा देतात तसा.

बराच वेळ ती बघत राहिली.
मग लुगडं काढलं गजावरनं, अजून ओलंच,
आणि म्हणाली,
"बघा. मालकांनीच सुट्टी लिवली."

नऊला बोजा बांधून झाला.
चादर तिनं घडी घालून दिली,
सरकारी शिक्का वर येईल अशी.
मी डिस्चार्ज कार्डाच्या पाठीमागं पेन्सिलनं
माझा नंबर लिहिला,
नियमात बसत नाही म्हणून बारीक.
तिला वाचता येत नाही, हे
स्ट्रेचर जिना उतरल्यावर लक्षात आलं.

दहाला चौदा नंबरवर पोरगी झोपली होती, पाय ताणून.

आता रात्री दोनला जाग येते,
ड्यूटी असो नसो.
फोन उशाशी असतो.
त्यांच्या वाडीत एकाच खडकावर रेंज येते म्हणे.
वाजत नाही.
वाजत नाही म्हणजे स्थिर,
असं मी धरून चालते.