सेकंदाला तीन

उद्यमनगरात लेथवर चोवीस वर्षं झाली.
इंचाचा हजारावा भाग माझ्या बोटाला कळतो,
थाऊ म्हणतो आम्ही त्याला.
दोन थाऊ जास्त उतरलं की जॉब भंगारात.
पण सेकंदाचाही हजारावा भाग असतो
हे दस्तगीरभाईनं सांगितलं,
लक्ष्मीपुरीत, जिन्याखालच्या दुकानात,
जिथं उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं.

माझ्या फोनमध्ये शलाका
हळदीचं बोट फिरवल्यासारखी यायची.
पिवळी जर्सी, मागं धूळ, चेहरा नाहीच.
दोन वर्षं पोरगी डोंगर उतरतेय
आणि माझ्याकडं नुसते पिवळे फराटे.

भिशीचे चौदा हजार लागले होते.
दोन हजार हेल्मेटला, ते आधी,
ही तिच्या आईची अट.
राहिले बारा.

दस्तगीरभाईनं पहिल्यांदा काढला
काड्यापेटीएवढा कॅमेरा.
"हेल्मेटवर चिकटवा. पडला तरी काय न्हाई,
पंचगंगेत बुडवला तरी काय न्हाई."
कुणाचंतरी शूटिंग लावून दाखवलं:
वाट, वाट, हँडल, दगड, धाप, वाट.
मी म्हटलं, "चालवणारा कुठाय?"
"तो कॅमेऱ्याच्या खाली हाय की.
त्याला दिसतंय ते ह्यात दिसतंय.
तुम्हास्नी काय बघायचंय?
पोरीला दिसतं ते, का पोरगी?"

चहा आला. चहा संपला.
"पोरगी," म्हटलं मी.

मग त्यानं खालच्या खणातनं दुसरा काढला.
गडहिंग्लजच्या लग्नवाल्याचा, जुना,
पकडीचं रबर घामानं पांढरं पडलेलं.
एकसष्ट हजार वेळा उघडझाप झालेली,
म्हणजे किती अक्षता, किती वरमाया.
लांब लेन्सच्या कडेला बुरशीचा एक ठिपका.
मी कानाला लावून दहा वेळा दाबून बघितला,
बेअरिंग ऐकतो तसा.
आवाज स्वच्छ होता.

"सेकंदाला तीनच काढतोय," तो म्हणाला,
"नवे वीस काढत्यात, पण त्यांचा दरबी तसाच.
तीनात भागवायचं, मालक."
साडेअकरा सांगितले, अकरा दोनशेला दिला,
वर कार्ड, आणि एक पिशवी, चेन बिघडलेली.

तीन आठवडे सराव केला.
गंगावेशीत दूध कट्ट्यावरनं सुटणाऱ्या सायकली,
कावळा नाक्याला वळणारी एसटी,
शेजारच्या फाउंड्रीचं कुत्रं.
लेथवर जॉब फिरतो, टूल गपगार असतं.
इथं सगळं उलटं:
जॉब पळतोय, आणि आपण
कमरेतनं त्याच्याबरोबर वळायचं,
श्वास धरून, हात न हलवता.
कुत्र्याचे चारही पाय हवेत आले
त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मसाई पठाराची कड, सकाळी पावणेआठ.
जांभ्या दगडात ओल, गवत गुडघ्याएवढं.
मी खाली वळणावर बसलो, ऊन पाठीला घेऊन,
बुरशीला ऊन सोसत नाही म्हणून.
वरनं शीळ आली.
मग दगड खडखडले.
मग ती.

पहिला: दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर,
जीभ दातात धरलेली.
शाळेत गणित सोडवताना धरायची तशीच.
ओळखलं मी. इतकं स्वच्छ ओळखलं
की दुसऱ्याला नीट बघितलंच नाही.

दुसरा: पुढचं चाक आडवं,
एक हात सुटलेला,
डोळे सरळ माझ्याकडं.

कोपर सोलवटलं होतं, हेल्मेटला चीर.
बाकी काही नाही. ती दगडावर बसून
पाणी प्यायली, मग कोपरावर ओतलं,
मग हात पुढं केला, "दाखवा."

पहिला बघून हसली.
दुसरा बराच वेळ बघितला.
तिसऱ्यात
माझ्या चपलेचा अंगठा,
वाकडं गवत,
आणि कोपऱ्यात बुरशीचा ठिपका,
कारण ऊन समोरनं आलं होतं.

तिनं फोटो मोठा केला, परत लहान केला.
"बाबा," म्हणाली,
"हललासा की तुम्ही."