साय आणि गुठळी

गोल्डफील्डमध्ये हॉटेल आहे, ते बंद आहे.
उघडं आहे ते मर्ना हॅल्व्हरसनचं दुकान:
बर्फ, बॅटऱ्या, डब्यातला मका,
आणि मागच्या अंगाला तीन खोल्या भाड्याने.
मधली माझी.
रोज रात्री वाटीत विरजण लावते,
रोज सकाळी ते पाणी.
नेवाडाची रात्र दुधाला मानवत नाही, मर्ना म्हणते,
बॉयलरपाशी ठेवून बघ.

दिवसा ड्वेन आणि मी टेकडीवर.
माझं काम मोजायचं.
खालच्या कड्यात थरावर थर,
कोबीचा गड्डा उभा चिरल्यासारखे.
एकेक थर म्हणजे एकेक साय:
ऊन खाल्लं, चिकट झाली, अंगावर गाळ बसला,
गाळातून पुन्हा वर आली.
ना डोळा, ना दात, ना दारात पाहुणा.
जगभर हेच चाललं होतं, तीनशे कोटी वर्षं.
माझी वही दोनशे पानी.

ड्वेन ॲसिडचा थेंब टाकतो, दगड फसफसतो.
"जिवंत आहे," तो दरवेळी म्हणतो,
दरवेळी मी हसते.
चौथ्या दिवशी हसू आलं नाही.

चाळीस पावलं वर चढलं
की रेघ बिघडते.
भिंग लावलं: थर नाहीत. गुठळ्या.
उतू जाता जाता नासलेलं दूध
तसंच थिजून राहावं, तसं.
आधी वाटलं आपलीच नजर, ऊन, तहान.
ड्वेन म्हणाला, कोणीतरी आलं असावं.
कोण?
बोटाच्या पेराएवढं काहीतरी.
आलं, तोंड लावलं, साय खरवडली,
खाली शिरलं, वाट पाडली,
परत गेलं नाही.

मला त्याचा राग आला.
चार दिवस रेघा मोजलेल्या बाईला येईल तेवढाच,
पण आला.

अजून वर शिंगांसारखे पेले,
दुहेरी भिंतीचे, भिंतींना चाळणीची भोकं.
पाणी गाळून पोट भरणारे.
गुठळ्यांना टेकून पेले उभे,
पेल्यांच्या पोकळीत पुन्हा गुठळ्या.
कोण मालक, कोण भाडेकरू,
हे मर्नालाच विचारायला हवं.
तिथे मोजणी थांबवली.
वहीत लिहिलं: गर्दी.

त्याच्याही वर, हातभर अंतरात,
पेले संपतात. काही न सांगता.
गुठळ्या मात्र पुढे चालू,
शेजार रिकामा झालेल्या घरात
नळ चालू असावा तशा.

बावन्न कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र
सहा पोत्यांत भरून पिकअपमध्ये टाकला.
ड्वेनने गाणं लावलं, मी बंद केलं,
त्याने पुन्हा लावलं नाही.
रस्ताभर दगड एकमेकांवर घासत होते.

आज सकाळीच वाटी बॉयलरपाशी ठेवून गेले होते.
हात लावला. कोमट.
झाकण काढलं. लागलं होतं.
वर साय, सुरकुती नाही, भेग नाही,
वाटीच्या कडेला घट्ट धरून.
बॉयलरच्या निळ्या ज्योतीत
तिच्याकडे बघत जरा वेळ उभी राहिले.
मर्नाचा कुत्रा दारात येऊन बसला.

भूक लागली होती.
चमचा घातला.