मंगळवार, सोळा तारीख

दोन कागद, तारीख एकच.
एक रेल्वेचा : हरिप्रिया, स्लीपर, एस-चार,
खालचा बर्थ माझा, मधला ह्यांचा,
दोन महिने आधी, सकाळी आठाला दुकान उघडून
तौफिक मोमीननं काढून दिलेला.
दुसरा परवा आला, मुंबईच्या वकिलातीतनं :
मुलाखत, सकाळी दहा, मूळ दाखले घेऊन,
मोबाईल आत चालणार नाही.

तिरुपती हे निमित्त. खरं सांगू?
मला रेल्वेत झोपायचं होतं.
बावीस वर्षांच्या संसारात डुलक्या काढल्या त्या एस.टी.त बसून.
आडवं होऊन, पाय पसरून,
खालनं गावं सरकत असताना लागते ती झोप
मी अजून घेतलेली नाही.
लक्ष्मीपुरीतनं चादर आणली होती त्यासाठी,
हिरव्या काठाची.

उत्तमदादानं न्यू जर्सीतनं अर्ज टाकला
तेव्हा सुयोग दुसरीत होता.
तेरा वर्षं त्या अर्जाचा हूं नाही की चूं नाही,
मी तर त्याला मेलेल्यात धरला होता.
आणि आता पुढच्या महिन्यात सुयोग एकवीसचा होतो.
एकवीस झाला की पोरगा
आईच्या कागदावरनं गळतो म्हणे,
हिरवाच.

"तारीख बदलून मिळते, काकी," तौफिक म्हणाला,
"पण नवी कधीची देतील ते त्यांनाच ठाऊक."
त्यानं बाण त्या बटणावर नेऊन ठेवला
आणि माझ्याकडं बघत राहिला.
बाहेर उमा टॉकीजच्या चौकात
सिग्नल दोनदा लाल झाला.
"राहू दे," हे म्हणाले. "रेल्वेचं रद्द कर."
माणशी एकशेवीस कापले.

मग फॉर्म.
गेल्या पाच वर्षांत कुठल्या देशांत गेलात?
"काय लिहू, काकी?"
"निपाणी लिही. पाट्या तरी कन्नड आहेत."
तो हसला, आणि रकान्यात 'नाही' टाकलं.
पाव्हण्यांसमोर रिकामा डबा उघडावा
तशी लाज वाटली मला, उगाच.

रात्री जेवणं झाली की सुयोग साहेब होतो.
"आई, तिथं 'येतो, जातो' करू नकोस.
दुभाषा पुण्याचा असला तर हसेल. 'येते' म्हण."
येते. जाते. राहते.
नव्या चपलेसारखं चावतं.
"आणि परत कधी येणार, म्हणून विचारलं तर?"
"हा प्रश्नच नसतो आई, कायमच्या व्हिसाला."
बरं म्हटलं. नसू दे.
मी त्याचं उत्तर दोन दिवस पाठ करत होतो.

महालक्ष्मीला वेटिंग शहाऐंशी, लगीनसराई.
तावडे हॉटेलपाशी रात्री साडेनऊची ट्रॅव्हल्स,
बसूनच.

तिथं ह्यांच्या बोटांनी मशीन अडवलं.
उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर झिजलेले ठसे,
काच तीनदा नाही म्हणाली.
चौथ्यांदा त्यांनी बोटावर फुंकर मारली, सदऱ्याला पुसलं,
आणि जॉबचं माप घेताना ठेवतात
तसं श्वास धरून ठेवलं.

मग नुसतं बसणं. टोकन एकशे सत्तेचाळीस.
जेवायची वेळ टळून गेली.
भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून हे हळूच म्हणाले,
"मिरज आली असेल."
माझ्या बर्थवर वेटिंगमधलं कुणीतरी असेल,
चपला बाकाखाली सारून, खिडकीला डोकं टेकून.
असू दे. त्याची तरी तारीख जुळली.
बऱ्याच वेळानं परत : "घटप्रभा."
त्याच्या पुढचं स्टेशन
दोघांनाही माहीत नव्हतं.

नंबर पुकारला.
"आलो," मी म्हणालो, चांगला मोठ्यानं,
आणि सुयोगनं कपाळाला हात लावला.