काटा

किसननगर तीन नंबरात आमचं दुकान,
मागच्या अंगाला रोड नंबर सोळा.
भोंगे एकेक करून गप्प झाले त्या वर्षी
अण्णा साबणाची वडी दोऱ्याने कापायला शिकले.
आधी अर्धी. मग पाव.
तेल चमच्यावर आलं, चहापत्ती पुडीवर,
आणि नवघरेबाई दोन रुपयांची साखर मागण्याआधी
मागे वळून बघायच्या, कोण उभं आहे.

उधारी मी लिहायचे, अक्षर बरं म्हणून.
नावापुढे कंपनी लिहायची आमची रीत;
दोन घोगळे होते ना, एक प्रेसवाला, एक टर्नर.
कंपन्यांना टाळी लागली
तरी मी लिहीतच राहिले,
खोड, असं कुणी म्हटलं नाही.

टर्नर घोगळे आला एका दुपारी. बाकी दोनशे बारा.
अण्णा वाशीच्या मार्केटात,
डाळवाल्यापुढे हात जोडायला गेलेले.
म्हणाला, पैसे नाहीत गो बाय, हात आहेत.
काटा अडकतो तुमचा. बघू?

फडक्यावर त्याने एकेक भाग मांडला,
रॉकेलने पुसला, कानसीने जरासा घासला.
कितीतरी दिवसांनी त्याची बोटं
कुणीतरी कामावर बोलावल्यासारखी चालत होती.
मग मालाचं पारडं उलटं केलं
आणि थांबला.

खाली चिंच. बोराएवढी,
वाळून काळी पडलेली.

माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे.
नखाने खरवडून त्याने ती
वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवली, गल्ल्याशेजारी.
'चिकटली असेल कशीतरी,' म्हणाला.
'दहा-बारा ग्रॅम.'
आणि पावशेर तांदूळही न मागता गेला.

संध्याकाळी अण्णांनी कागद पाहिला.
कोण आलं होतं, विचारलं नाही.
दिवा लावला, काट्याला बोट लावलं,
तो किती वेळ हलत राहिला.

पुढे वजन झालं की वरून
एक चिमूट टाकायचे, डाळ असो, रवा असो.
लोक म्हणायचे,
एवढ्या मंदीत माणूस उदार झाला.

आता तिथे काचेची इमारत आहे.
वही माझ्याकडे आहे.
घोगळे गावी गेला तो गेलाच,
त्याच्या नावापुढे अजून दोनशे बारा,
आणि दहा ग्रॅमने इतकी वर्षं गुणून
मी पुन्हा पुन्हा अडते:
ही बाकी
येणे लिहू की देणे?