बिल्ल्याची जागा

कळमनुरीच्या ठाण्यात बोलावणं आलं,
मशीन डोक्यावर घेऊन ये म्हणून.
चाळीस गणवेश, आठ दिवस, कापड नवं नाही.
कोठीतला जुना गठ्ठा उसवायचा
अन् आतली माणसं बदललीत असं दिसलं पाहिजे,
म्हणाले नवे फौजदार.
ते नगरकडून आलेले. आमचं पाणी त्यांना बाधलं होतं.

वस्तऱ्यानं एकेक बिल्ला काढला.
खाकी उन्हानं विटलेली,
बिल्ल्याखालची तेवढी जागा मात्र
पहिल्या दिवसासारखी गडद.
सोड्यात उकळली, माळवदावर दोन दिवस वाळवली.
गेली नाही.
हे बिल्ले मागच्या साली मीच शिवले होते,
दोन आणे नग. ते पैसे अजून यायचेत.

मग भरती.
चिंचेखाली रांग, भिंतीवर कोळशाची रेघ,
डोकं रेघेखाली राहिलं की घरी.
लिंबाजी सूर्यतळ : छाती बत्तीस, फुगवून चौतीस.
हा सरहद्दीवरच्या कँपातला.
श्वास धर म्हटलं की धरूनच ठेवी,
सोड रे, म्हणावं लागे.
व्यंकटीच्या काखेखाली कुऱ्हाडीचा वण.
टेप त्यावरून गेली तसा हसला,
गुदगुल्या होतेत म्हणाला.
अन् शेख मौला.
त्याच्या बापाला विहिरीतून काढलं
तेव्हा चादर माझ्या दुकानातून गेली होती.
रांगेत त्याच्या पुढं हातभर जागा, मागं हातभर.
कारकून म्हणाला, तू कामून आलास?
'पगार तीस म्हणतेत. हाली का कलदार?'
मग थोड्या वेळानं, कोणी विचारलं नसताना,
'आमच्या गल्लीत रातच्याला कोणी फिरकत नाही.'

कवायतीला जुनाच जमादार ठेवला, यावर अली.
पाय कसा आपटायचा ते दुसऱ्या कोणाला येईना.
हुकूम नवे. रात्री कंदिलाशी पाठ करायचा,
सकाळी तोंडातून जुनाच शब्द निघायचा,
अन् चाळीस पोरं एक पाय वर धरून
नव्या शब्दाची वाट बघत उभी.
एकदा मीही हसलो. मग दोरा ओवायला खाली वाकलो.

गडद जागेवर खिसे लावले.
सदतीस झाले, कापड संपलं.

पहिल्या गस्तीच्या रात्री दार वाजलं.
दिवा फुंकला मी.
'मास्तर, आमीच हाव.'
आमी म्हणजे कोण,
हे विचारायला जीभ अजून उचलत नव्हती.
कडी काढायला किती वेळ लागला, सांगत नाही.

मौलाचं बटन तुटलं होतं.
त्याच्या अंगात बिनखिशाचाच सदरा आला होता.
लिंबाजीनं कंदील वर धरला,
नीट दिसावं म्हणून आणखी जवळ आणला.
मी टाका घातला, दातानं दोरा तोडला.
पैशाचं ते बोलले नाहीत, मी मागितले नाहीत.
ही माया होती
की ठाण्याची जुनीच सवय,
शिट्टी गल्लीच्या टोकाला जाईस्तोवर
मी उंबऱ्यातच उभा होतो.